आधी कुठे शोधायचं?

शेंगदाण्याचं कूट हवं असलं की आपण आधी फ्रिजच्या दारातली बरणी बघतो. तिथे नसेल तर फ्रीझर, मग पँट्री, आणि अगदीच नाही तर गराजमध्ये ठेवलेली इंडियन ग्रोसरीची पिशवी. हा क्रम कोणी भिंतीवर लिहून ठेवलेला नसतो, पण घरातल्या प्रत्येकाला तो माहीत असतो. आता बरणीत गेल्या महिन्याचं खवट कूट असेल आणि फ्रीझरमध्ये कालच केलेलं ताजं, तर भाजीत कुठलं पडेल? खवटच. कारण हाताला आधी ते लागतं.

कॉम्प्युटरही अगदी असंच शोधतो. आपण त्याला फक्त नाव सांगतो: हा प्रोग्रॅम चालव, ते फंक्शन आण. ते कुठे ठेवलंय हे सहसा सांगत नाही. त्याच्याकडे फोल्डरांची एक यादी असते आणि तो त्या यादीतले फोल्डर एकामागून एक उघडून बघतो. ज्या फोल्डरात ते नाव पहिल्यांदा सापडेल, तिथे तो थांबतो. पुढच्या फोल्डरात त्याच नावाची अधिक चांगली वस्तू असली, तरी तिकडे तो बघतसुद्धा नाही. या यादीला म्हणतात सर्च पाथ.

आपल्या मंडळात प्रोग्रॅमिंग करणारे घरोघरी आहेत. पहिल्या पिढीतले बरेच जण याच कामासाठी इथे आले आणि इथे वाढलेली मुलं आता शाळा-कॉलेजात तेच शिकताहेत. दोन्ही पिढ्यांना या सर्च पाथने कधी ना कधी रात्री जागवलेलं असतं. म्हणून यंदाच्या अंकात त्याच्याबद्दल लिहावंसं वाटलं. ज्यांचा कोडशी संबंध नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण पुढे येणारा मुख्य प्रश्न आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे: चार जणांनी मिळून एखादी गोष्ट वापरायची, तर ती ठेवायची कुठे आणि सांभाळायची कोणी?

केंब्रिजमधलं कपाट

एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने वापरायचा, ही कल्पना कॉम्प्युटरइतकीच जुनी आहे. इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेल्या एडसॅक या कॉम्प्युटरवर पहिला प्रोग्रॅम ६ मे १९४९ रोजी चालला. वर्गमूळ काढणं, साइन-कोसाइन काढणं, आकडे छापणं ही कामं प्रत्येकाच्याच प्रोग्रॅममध्ये लागतात, तर ती प्रत्येकाने नव्याने का लिहायची, हा प्रश्न तिथे लगेचच पुढे आला. मग अशा नेहमी लागणाऱ्या तुकड्यांच्या कागदी पट्ट्या भोकं पाडून तयार झाल्या आणि एका कपाटात नीट लावून ठेवल्या गेल्या. प्रत्येक पट्टीला अक्षर आणि क्रमांक दिलेला. छपाईच्या पट्ट्यांना ‘पी’, त्रिकोणमितीच्या पट्ट्यांना ‘टी’. ज्याला हवी त्याने पट्टी काढायची, यंत्रावर तिची नक्कल आपल्या पट्टीत उतरवून घ्यायची आणि मूळ पट्टी परत कपाटात ठेवायची. १९५१ साली विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅनली गिल यांनी या सगळ्या पद्धतीवर पुस्तक लिहिलं. प्रोग्रॅमिंगवरच्या अगदी पहिल्या पुस्तकांमध्ये त्याची गणना होते.

तिथे ‘शोधण्याचं’ काम माणूस करत होता. कपाट एकच होतं, त्यामुळे आधी कुठे बघायचं हा प्रश्नच नव्हता.

इकडे अमेरिकेत १९५५ साली आयबीएमचे मोठे कॉम्प्युटर वापरणाऱ्या कंपन्यांनी ‘शेअर’ नावाची संघटना सुरू केली. सुरुवातीच्या सभासदांत लॉस एंजेलिस भागातल्या विमान बनवणाऱ्या कंपन्या होत्या. बाजारात एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या या कंपन्या आपापल्या प्रोग्रॅमचे पंच कार्डांचे गठ्ठे एकमेकींना देऊ लागल्या. प्रत्येकीने तेच गणित वेगळं लिहिणं कोणालाच परवडत नव्हतं. ही संघटना आजही चालू आहे.

न्यू जर्सीतला क्रम

न्यू जर्सीत राहणाऱ्यांना मरे हिल हे नाव माहीत असेल. तिथल्या बेल लॅब्जमध्ये १९६९ साली केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली. सुरुवातीच्या युनिक्समध्ये शोधायचा क्रम पक्का ठरलेला होता: आधी तुम्ही ज्या फोल्डरात आहात तो, मग ‘/बिन’, मग ‘/यूएसआर/बिन’. तो वापरणाऱ्याला बदलता येत नसे.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर बेल लॅब्जमध्येच मोठ्या प्रकल्पांवर काम करणारे प्रोग्रॅमर युनिक्स वापरू लागले. एकेका प्रकल्पात अनेक माणसं. प्रत्येक गटाने आपल्या कामाच्या छोट्या-छोट्या कमांड तयार केलेल्या. त्या गटातल्या सगळ्यांना सहज मिळाव्यात, पण शेजारच्या गटाच्या पायात येऊ नयेत, अशी सोय हवी होती. तेव्हा जॉन मॅशी यांनी आपल्या शेलमध्ये शोधण्याचा क्रम वापरणाऱ्याच्या हाती दिला. आपली यादी आपण लिहायची: आधी माझा फोल्डर, मग आमच्या गटाचा, मग सगळ्यांचा. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बोर्न यांचा शेल आला आणि त्यात ही यादी ‘पाथ’ या नावाने रूढ झाली. फोल्डरांच्या मध्ये विसर्गासारखी दोन टिंबं. आज मॅक किंवा लिनक्सवर टर्मिनल उघडून ‘पाथ’ छापून बघा, तीच टिंबं दिसतील. विंडोजमध्ये त्या जागी अर्धविराम असतो, कारण तिथे ‘सी’ ड्राइव्हच्या नावापुढे दोन टिंबं आधीच वापरलेली आहेत.

मग ही कल्पना सगळीकडे पसरली. जावाला ‘क्लासपाथ’, पायथनला ‘पायथनपाथ’, पर्लला ‘पर्ल५लिब’, लिनक्सवरच्या सामायिक लायब्रऱ्यांना ‘एलडी लायब्ररी पाथ’. नावं वेगळी, नियम तोच. यादीत जो आधी, त्याचं खरं.

स्टेपलिबचे दिवस

आपल्यातले जे नव्वदच्या दशकात वायटूकेच्या कामासाठी पुण्या-मुंबईहून इथे आले, त्यांनी ‘सर्च पाथ’ हा शब्द कदाचित वापरलाही नसेल. मेनफ्रेमवर त्याचं नाव होतं ‘स्टेपलिब’. जेसीएलमध्ये स्टेपलिब या नावाखाली एकाखाली एक लायब्रऱ्या लिहायच्या. पहिल्या ओळीला नाव, खालच्या ओळी बिननावाच्या. प्रोग्रॅम चालताना लागणारं मॉड्यूल पहिल्या लायब्ररीत शोधलं जाई, नसेल तर दुसऱ्या, मग तिसऱ्या. यातली खुबी अशी की तुम्ही बदललेलं एकच मॉड्यूल आपल्या टेस्ट लायब्ररीत ठेवायचं, ती लायब्ररी सगळ्यात वर लिहायची, आणि बाकीची शेकडो मॉड्यूल खालच्या प्रॉडक्शन लायब्ररीतून आपोआप मिळायची. सगळ्याची नक्कल करायची गरज नाही. हजारो माणसांची टीम एकाच कोडवर काम करू शकायची ती या सोयीमुळे.

मी ज्या विमा कंपनीत कंत्राटावर होतो, तिथलं एक प्रकरण सांगतो. तारखांचं गणित करणारं एक सामायिक मॉड्यूल होतं. वर्षाचे दोनच आकडे साठवलेले असत. ०० ते ४९ आले तर २००० नंतरचं शतक धरायचं आणि ५० ते ९९ आले तर १९०० नंतरचं, अशी दुरुस्ती टीमने त्यात केली. ते तपासून सामायिक लायब्ररीत ठेवलं. सगळी कामं बरोबर चालली. रात्रीचं एकच काम मात्र काही पॉलिसीधारकांची वयं उणे दाखवत होतं. दोन दिवस सगळे कोड वाचत बसले. कोड बरोबर, कंपाइल बरोबर, लायब्ररीतली तारीख बरोबर.

शेवटी आमच्यातल्या एका सोलापूरच्या सहकाऱ्याने कोड बाजूला ठेवला आणि त्या कामाचं जेसीएल वाचायला घेतलं. स्टेपलिबच्या अगदी वर एक अनोळखी लायब्ररी होती. पूर्वी कधीतरी कोणा कंत्राटदाराने टेस्टिंगसाठी लावलेली आणि काढायची राहून गेलेली. तिच्यात त्याच नावाचं जुनं मॉड्यूल होतं. मेनफ्रेमवर मॉड्यूलचं नाव आठ अक्षरांपेक्षा मोठं ठेवता येत नसल्यामुळे एकसारखी नावं जागोजाग असत. फ्रीझरमध्ये ताजं कूट होतं, पण हात बरणीतच जात होता. ती एक ओळ काढली आणि वयं सुधारली.

तो सहकारी तेव्हा जे म्हणाला त्याचा आशय असा, की प्रोग्रॅम काय करतो हे विचारण्याआधी तो प्रोग्रॅम कुठून आला हे विचारावं. आज तीस वर्षं होत आली, पण नव्या माणसाला कामाला लावताना मी हीच गोष्ट आधी सांगतो.

मुलांनो, फाइलला ‘रँडम’ नाव देऊ नका

आता मुलांसाठी. पायथन शिकताना फासे टाकायचा खेळ जवळजवळ प्रत्येक जण लिहितो. त्यासाठी पायथनबरोबर येणारं ‘रँडम’ नावाचं मॉड्यूल लागतं. मग साहजिकच आपल्या फाइललाही ‘रँडम.पाय’ असं नाव दिलं जातं. चालवायला गेलं की पायथन तक्रार करतो की रँडममध्ये अशी काही गोष्टच नाही.

झालेलं असतं एवढंच. पायथन आधी तुमची फाइल ज्या फोल्डरात आहे तिथे शोधतो. मग ‘पायथनपाथ’मधले फोल्डर, मग त्याची स्वतःची स्टँडर्ड लायब्ररी आणि शेवटी आपण बाहेरून आणून बसवलेली पॅकेजेस. ‘रँडम’ म्हटल्यावर त्याला पहिल्याच फोल्डरात तुमचीच फाइल सापडली. खरं मॉड्यूल रांगेत मागे राहिलं. हा घोटाळा जगभर इतका होतो की ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या पायथन ३.१३ पासून पायथन स्वतःच सुचवतो: तुमच्या फाइलचं नाव स्टँडर्ड मॉड्यूलसारखंच आहे, ते बदलून बघा.

शंका आली तर कॉम्प्युटरलाच विचारता येतं. मॅक-लिनक्सवर ‘विच’ ही कमांड दिली तर प्रोग्रॅम नेमका कुठल्या फोल्डरातून उचलला जातोय ते कळतं. पायथनमध्ये मॉड्यूलचं ‘__फाइल__’ छापलं तर त्याचा पूर्ण पत्ता मिळतो. एका मिनिटाचं काम आहे, आणि त्याने कित्येकदा पूर्ण रात्र वाचते.

नावांचा गोंधळ आपल्याला नवीन नाही. मंडळाच्या गणपतीत ‘कुलकर्णी काकांना बोलवा’ म्हटलं तर चार जण उठतात. म्हणून आपण स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि वर गावही सांगतो. जावावाल्यांनी हेच केलं. कंपनीचा इंटरनेटवरचा पत्ता उलट क्रमाने लिहायचा आणि त्याच्यापुढे आपल्या कोडचं नाव. दोन कंपन्यांच्या कोडची नावं सहसा जुळत नाहीत ती त्यामुळे.

ताटं मोजायचं फंक्शन

कोड वाटून घ्यायचे मुख्य मार्ग तीन आहेत. ते समजायला एक कल्पित उदाहरण घेऊ.

समजा, मंडळाच्या वेबसाइटचं काम पाच स्वयंसेवक बघतात. एकीने नावनोंदणीवरून दिवाळीच्या जेवणाची ताटं मोजणारं फंक्शन लिहिलं. पाच वर्षांखालच्या मुलांचं ताट धरायचं नाही, असा नियम. तेच फंक्शन संक्रांतीला, गुढीपाडव्याला आणि गणपतीलाही लागणार. मग बाकीच्या चौघांनी ते घ्यायचं कसं?

पहिला मार्ग म्हणजे कॉपी. प्रत्येकाने फाइल उचलायची आणि आपल्या फोल्डरात टाकायची. केंब्रिजच्या पट्टीसारखं. सोपं आहे, आणि दुसऱ्याने काही बिघडवलं तरी आपलं चालू राहतं. पण पुढच्या वर्षी समितीने पाचाऐवजी सहा वर्षांची मर्यादा केली, तर पाच जागी बदल करावा लागेल. त्यातल्या दोन जागी तो राहून जाईल आणि केटररला सांगायचे आकडे दोन निघतील.

दुसरा मार्ग सामायिक फोल्डर आणि सर्च पाथ. फंक्शन एकाच जागी ठेवायचं आणि पाचही जणांनी आपापल्या ‘पायथनपाथ’मध्ये तो फोल्डर लिहायचा. बदल एकदा केला की सगळ्यांना लगेच मिळतो. छोट्या टीमसाठी ही पद्धत आजही उत्तम आहे, आणि अनेक प्रयोगशाळांत, बँकांत, कारखान्यांत वर्षानुवर्षं चालू आहे. मात्र ‘लगेच’ या शब्दाला दोन बाजू आहेत. गणपतीच्या आदल्या रात्री कोणी घाईत चुकीचा बदल केला, तर तोही सगळ्यांना लगेच मिळतो. शिवाय प्रत्येकाच्या मशीनवरची यादी वेगळ्या क्रमाने लिहिलेली असेल, तर एकच प्रोग्रॅम दोन ठिकाणी दोन उत्तरं देतो. ‘माझ्याकडे तर चालतंय’ हे वाक्य ऑफिसात रोज ऐकू येतं त्याचं हे एक मोठं कारण.

तिसरा मार्ग पॅकेज. फंक्शनला नाव द्यायचं, आवृत्तीचा क्रमांक द्यायचा, आणि प्रत्येकाने हवी ती आवृत्ती आपल्या प्रकल्पात बसवून घ्यायची. दिवाळीचा प्रोग्रॅम १.२ वर, संक्रांतीचा १.३ वर. कोणी कधी बदलायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. पायथनमधलं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट म्हणजे प्रत्येक प्रकल्पासाठी बांधून दिलेला वेगळा सर्च पाथच असतो. आज बहुतेक ठिकाणी ही पद्धत आहे. यात कष्ट आहेत ते आवृत्त्या सांभाळण्याचे आणि जुनी आवृत्ती सोडायला लोकांना राजी करण्याचे.

मेनफ्रेमवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. कोबॉलमध्ये स्टॅटिक कॉल केला तर मॉड्यूल प्रोग्रॅमच्या पोटातच शिवलं जाई. डायनॅमिक कॉल केला तर ते चालताना स्टेपलिबमधून शोधलं जाई. कुठलं वापरायचं यावर तेव्हाही असेच वाद होत.

माझं मत विचाराल तर पाच माणसांना सामायिक फोल्डर पुरतो, पण तीन गोष्टी पाळायच्या. यादीचा क्रम सगळ्यांनी सारखा ठेवायचा आणि तो लिहून ठेवायचा. सामायिक फोल्डरात लिहायची परवानगी एक-दोघांनाच द्यायची, वाचायची सगळ्यांना. आणि फाइलींना ‘युटिल्स’, ‘टेस्ट’, ‘कॉमन’ असली कोणाचीही असू शकतील अशी नावं द्यायची नाहीत. माणसं वाढली की पॅकेजकडे वळायचं.

रांगेत पुढे कोण घुसलं?

जिथे पहिल्याला मान असतो तिथे पुढे घुसणारेही असतात.

जुन्या युनिक्समध्ये पाथच्या यादीत पहिलं स्थान ‘तुम्ही आहात तो फोल्डर’ याचं होतं. मग एखादा खोडकर विद्यार्थी सामायिक फोल्डरात ‘एलएस’ या नावाचा आपला प्रोग्रॅम ठेवून देई. ॲडमिन त्या फोल्डरात जाऊन फाइलींची यादी बघायला ‘एलएस’ म्हणाला की खऱ्या कमांडऐवजी विद्यार्थ्याचा प्रोग्रॅम चाले, तोही ॲडमिनच्या सगळ्या अधिकारांसह. म्हणून आता युनिक्स-लिनक्सवर चालू फोल्डर पाथमध्ये सहसा नसतो. पर्ल या भाषेने चालू फोल्डर आपल्या यादीतून काढला तो २०१७ साली, ५.२६ या आवृत्तीत. पायथनने २०२२ च्या ३.११ मध्ये तो टाळायची सोय दिली. इतकी जुनी सवय मोडायला इतकी वर्षं लागली, कारण कोणाचा ना कोणाचा कोड त्या सवयीवरच उभा होता.

फेब्रुवारी २०२१ मध्ये ॲलेक्स बिर्सन या सुरक्षा संशोधकाने हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर दाखवली. मोठ्या कंपन्यांची स्वतःपुरती, बाहेर न दिलेली पॅकेजेस असतात. त्यांची काही नावं त्याला सार्वजनिक ठिकाणी सापडली. त्याने त्याच नावाची पॅकेजेस सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या भांडारात ठेवली आणि त्यांना मोठे आवृत्ती क्रमांक दिले. कंपन्यांची यंत्रणा घरातलं आणि बाहेरचं अशा दोन्ही ठिकाणी शोधत होती, आणि मोठा क्रमांक दिसला म्हणून बाहेरचं उचलत होती. ३५ हून अधिक कंपन्यांच्या आतल्या मशीनांवर त्याचा कोड चालला. त्याने तो निरुपद्रवी ठेवला होता आणि कंपन्यांना कळवलं. त्याला बक्षिसादाखल १,३०,००० डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. दुसऱ्या कोणाला हे आधी सुचलं असतं तर काय झालं असतं, ते सांगायला नको.

आता मुलं एआयला विचारून कोड लिहितात. त्यात एक नवी भर पडली आहे. एआय कधीकधी अस्तित्वात नसलेल्या पॅकेजचं नाव अगदी आत्मविश्वासाने सुचवतं. त्या नावाचं पॅकेज कोणी दुष्ट हेतूने बनवून ठेवलं, तर ते थेट आपल्या घरात येईल. तेव्हा नाव ओळखीचं नसेल तर बसवण्याआधी ते कोणाचं आहे, किती जुनं आहे, कोण वापरतंय हे बघा. अनोळखी माणसाला आपण घराची किल्ली देत नाही.

गाळ कोणी काढायचा?

गावाकडे ज्यांची शेती आहे त्यांना समाईक विहीर माहीत असेल. भावाभावांत जमीन वाटली गेली तरी विहीर वाटता येत नाही, म्हणून ती समाईक राहते. कोणी किती पाणी घ्यायचं याच्या पाळ्या ठरतात. त्यावर भांडणं होतात, मिटतात. खरी अडचण उन्हाळ्यात येते. पाणी सगळ्यांना हवं असतं, पण गाळ काढायला उतरायचं कोणी?

सामायिक कोडचंही तसंच आहे. २२ मार्च २०१६ रोजी ‘लेफ्ट-पॅड’ नावाचं जावास्क्रिप्टचं एक पॅकेज त्याच्या लेखकाने एका वादानंतर भांडारातून काढून घेतलं. शब्दाच्या डाव्या बाजूला रिकाम्या जागा भरायच्या, एवढंच त्याचं काम. कोड होता ११ ओळींचा. पण दुसऱ्या पॅकेजांच्या पोटातून ते हजारो प्रकल्पांपर्यंत पोचलेलं होतं आणि ते सगळे एकदम अडले. भांडार चालवणाऱ्यांना काढलेलं पॅकेज परत बसवावं लागलं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. ‘एक्सझेड’ ही फाइली आकसून लहान करणारी लायब्ररी लिनक्सवर जवळजवळ सगळीकडे असते. ती एक गृहस्थ फावल्या वेळात, बिनपगारी सांभाळत होते. ते थकले होते आणि तसं त्यांनी उघडपणे लिहिलंही होतं. त्यांच्या मदतीला एक जण आला. दोनेक वर्षं त्याने चांगलं काम केलं, विश्वास मिळवला, अधिकार मिळवले. मग त्याने त्या लायब्ररीत चोरदरवाजा घातला. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरच्या लक्षात आलं की आपल्या मशीनवर लॉगिनला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. त्याने तो अर्धा सेकंद सोडून दिला नाही. खोदत गेला आणि चोरदरवाजा सापडला. बहुतेक सर्व्हरांपर्यंत तो अजून पोचलेला नव्हता, म्हणून जग वाचलं.

सर्च पाथ तिथे बिनचूक काम करत होता. लायब्ररी योग्य जागी होती, नाव योग्य होतं, क्रम योग्य होता. उणीव होती ती सांभाळणाऱ्या माणसाच्या सोबतीला. इतक्या लोकांनी पाणी भरलं, पण ते गृहस्थ विहिरीत एकटेच उतरलेले होते. सोबतीला जो आला, तो कोण हे कोणी विचारलं नाही.

म्हणून आपल्यातल्या कोड लिहिणाऱ्यांना, लहान असोत की निवृत्तीला आलेले, माझी विनंती आहे. आपण रोज वापरतो त्या सामायिक लायब्रऱ्यांपैकी एखादी निवडावी. तिच्यात सापडलेली चूक नीट लिहून कळवावी. जमल्यास दुरुस्ती पाठवावी. कोड येत नसेल तर तिची माहिती सोप्या भाषेत लिहून द्यावी, कारण ते काम नेहमीच मागे पडतं. आपली कंपनी ती फुकट वापरत असेल तर सांभाळणाऱ्याला काही पैसे द्यावेत, असं मॅनेजरला सुचवून बघावं. शाळेच्या रोबोटिक्स टीममधल्या मुलांनी पदवीनंतर आपला कोड कोण बघणार हे निघण्याआधीच ठरवावं आणि ते नाव फाइलच्या वरच्या ओळीत लिहावं.

आणि या सुट्टीत आई-बाबांनी मुलांसोबत पंधरा मिनिटं बसावं. टर्मिनल उघडून आपल्या मशीनवरची ‘पाथ’ची यादी छापावी आणि एकेक फोल्डर ओळखत जावं: हा कोणी घातला, कशासाठी, अजून लागतो का? मेनफ्रेमवर दिवस काढलेल्या बाबांना त्यात स्टेपलिब दिसेल, मुलांना आपण कधी बसवलं ते आठवत नाही असं काहीतरी दिसेल. न लागणारे फोल्डर यादीतून काढून टाकावेत. दिवाळीची साफसफाई नाहीतरी चालूच असते.